बावली

शहापुरात, मौनेशप्पा पत्तारांच्या दुकानात
मी काट्यावर बसतो.
गुंजा गेल्या, ग्रॅम आले;
फुंकणी, चिमटे आणि राखेचा वास
एवढंच काय ते जुनं.

मंगळवारी भर दुपारी
जांबोटीकडच्या चंपूताई हंगिरगेकर आल्या.
पिशवीत टॉवेल, टॉवेलात चिंधी,
चिंधीत हिरवं काहीतरी, अंगठ्याएवढं,
शेवाळल्या पाण्याची गाठ बसावी तसं.
आजेसासरे पलटणीत नाईक होते,
चीनच्या कुठल्याशा बंदरातून परतताना
कमरपट्ट्यात खोचून आणलं म्हणे.
विकत की लुटून,
हे घरात कुणी विचारलं नाही.

"बावली हाय," त्या म्हणाल्या.
मौनेशप्पांनी भिंग डोळ्याला लावलं, मान डोलावली.
"हौदु री. बावलीच."

बराच वेळ दोघांचं एकमत टिकलं.

मग ते म्हणाले, "रेक्के नोडरी,"
आणि नखाच्या टोकानं दाखवले
अंगाशी मिटून घेतलेले पंख,
जे चार पिढ्यांच्या पोरींना
दुपट्याच्या घड्या वाटत आले.
त्यांच्या कानडीत बावली म्हणजे वटवाघूळ.
चंपूताईंच्या मराठीत बाहुली.
"अगं बाई!" त्यांनी हात पदराला पुसला.
घरात वटवाघूळ शिरलं तर आपण झाडू शोधतो.
यांनी त्याला भातुकलीत घास भरवले होते.

मी कसोटीवर घासून पाहिलं, रेघ उठली नाही.
सुई फिरवली, सुईच घसरली.
काट्यानं एक आकडा सांगितला,
तो कशाचा, हे काट्याला माहीत नव्हतं.

तेवढ्यात ल्याओ डॉक्टर आले, कॅम्पातले, दातांचे.
जन्म बेळगावचा, शाळा बेळगावची,
सोन्याची टोपी करून घ्यायला आमच्याकडेच येतात.
त्यांनी आधी हात धुवायला पाणी मागितलं.
मग तो दगड गालाला लावून
थोडा वेळ नुसते उभे राहिले.

"हा कोरत नाहीत," ते म्हणाले,
"वाळू नि पाणी घेऊन घासत बसतात.
एकेका पंखाला अख्खा हिवाळा.
आमच्यात वटवाघूळ म्हणजे फू.
सुख, भाग्य, तेही फू.
लिहायला निराळं, कानाला एकच.
म्हणून वटवाघूळ शुभ. दुसरं कारण नाही.
आणि उलटं म्हणजे दाओ,
येऊन पोचलं, तेही दाओ.
उलटं टांगलं, की भाग्य दारात आलं."

हे सगळं ते अगदी हळू बोलले.
बासष्टपासून ती भाषा त्यांच्या घरात
दार लावून बोलत असत;
दारं उघडली, आवाज तेवढाच राहिला.
समोरच्या कापडवाल्याची पाटी
शिडीवरून खाली उतरवत होते,
एका लिपीतली अक्षरं मोठी
नि दुसरीतली बारीक करायला.

चंपूताई विकायला आल्या होत्या.
आता म्हणाल्या, चांदीची कडी लावून द्या,
नातीच्या पाळण्यावर बांधीन.
मौनेशप्पांनी विचारलं: डोक्याकडं की पायाकडं?
डोक्याकडं लावली तर बाहुली,
पायाकडं लावली तर वटवाघूळ.
डॉक्टर काहीच बोलले नाहीत, दाढ चाचपत राहिले.

त्या चिंधीची घडी घालत होत्या.
"पायाकडं लाव," म्हणाल्या.
"उताणी पडलेली असती पोरगी.
वरनं तोंड दिसाय नको व्हय तिला?"

पावती मौनेशप्पांनी लिहिली, कानडीत.
ताईंनी ती लांब धरली, जवळ धरली.
"काय लिवलंय हो?"
त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं:
"बावली. एक."

"बरोबर," त्या म्हणाल्या,
आणि कागद चिंधीत गुंडाळून
खानापूरची गाडी गाठायला निघाल्या.